रखवालदाराच्या खिशात काय असावे?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी चहा ठेवत होते, तेवढ्यात दाराशी हाक आली, "ताई, जयभीम. येऊ का?"

चार घरे सोडून राहणाऱ्या मावशी होत्या. सोबत त्यांच्या बहिणीचा मुलगा. परभणीकडचा, वीस वर्षांचा, बारावी पास. पोरगा दारातच मान खाली घालून उभा. मावशींनी पदराची गाठ सोडली, त्यातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ताई, हे लायसन हाय का, बघा बरं."

मी कागद उलगडला. बाजारात मिळते तसल्या पावतीपुस्तकातली पावती. ‘सिक्युरिटी गार्ड लायसन्स फी व युनिफॉर्म, रुपये ४,५००.’ खाली न वाचता येणारी सही. शिक्का होता, पण त्यावर नोंदणीचा नंबर नाही की पत्ता नाही.

"मावशी, ही नुसती पावती आहे. लायसन्स नाही."

"मग लायसन कवा भेटंल?"

या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला जड गेले. कारण खरे उत्तर असे होते की, ते कधीच मिळणार नाही. त्या पोराला असले लायसन्स लागतच नव्हते!

हळूहळू सगळी हकीकत कळली. आईने गावाकडे गाभण शेळी विकून पैसे पाठवले होते. एजन्सीवाल्याने सांगितले होते, "गार्डचे सरकारी लायसन्स काढावे लागते, ते आले की पगार वाढेल." पोरगा पाच आठवडे एका सोसायटीच्या गेटवर सकाळी आठ ते रात्री आठ उभा होता. पहिला पगार ‘डिपॉझिट’ म्हणून ठेवून घेतलेला. हातात नेमणुकीचा कागद नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. अंगावर तेवढा निळा शर्ट आणि खांद्यावर चकचकीत पट्ट्या.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या कोणत्याही वस्तीत जा, दर दोन-चार घरांआड एक तरी वॉचमन किंवा सिक्युरिटी गार्ड सापडेल. गिरण्या बंद झाल्या, सरकारी भरती आटली आणि बारावी-पदवी झालेली आपली मुले गेटवर उभी राहिली. काम इमानाचे आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण या कामात लायसन्स कोणाला लागते आणि कोणाला नाही, हे ठाऊक नसल्यामुळे आपली फसगत होते. म्हणून आज हा विषय.

लायसन्स लागते, पण कोणाला?

आपल्या देशात खाजगी सुरक्षेचा मुख्य कायदा २००५ सालचा आहे. ‘खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा’ हे त्याचे नाव. मार्च २००६ पासून तो लागू झाला. इंग्रजी आद्याक्षरे जोडून लोक त्याला ‘पसारा’ म्हणतात. नाव पसारा असले तरी कायदा अवघ्या पंचवीस कलमांचा आहे आणि त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : गार्ड पुरवण्याचा धंदा जो करतो, त्याने लायसन्स घ्यायचे.

म्हणजे लायसन्स एजन्सीचे, गार्डचे नव्हे. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावी.

एजन्सीवाला राज्य सरकारने नेमलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याकडे अर्ज करतो. कायद्यात फी ठरलेली आहे : एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, दोन ते पाच जिल्ह्यांसाठी १०,००० आणि संपूर्ण राज्यासाठी २५,०००. अर्ज पूर्ण असेल तर साठ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. लायसन्स पाच वर्षे चालते. मुदत संपण्याच्या निदान पंचेचाळीस दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो. दोन वर्षे किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा ज्या गुन्ह्याला आहे त्यात दोषी ठरलेला, बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असलेला, किंवा गैरवर्तनासाठी सरकारी नोकरीतून काढून टाकलेला माणूस हे लायसन्स घेऊ शकत नाही. लायसन्स नसताना हा धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि आपल्या उपयोगाचे सर्वात मोठे कलम बारावे. लायसन्स धंद्याच्या जागी सहज दिसेल असे लावले पाहिजे. म्हणजे मुलगा नोकरी मागायला गेला की त्याने आधी भिंतीकडे बघायचे. विचारायला लाजायचे कारण नाही. रेशन दुकानात आपण भावफलक बघतो, तसेच हे.

मग गार्डला काय लागते?

गार्डला लायसन्स लागत नाही, याचा अर्थ काहीच लागत नाही असा नाही. कायद्याने त्याच्यासाठी अटी घातल्या आहेत. तो भारताचा नागरिक हवा, किंवा केंद्र सरकारने त्यासाठी जाहीर केलेल्या देशाचा. वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत. चारित्र्याची पडताळणी झालेली. ठरवून दिलेले प्रशिक्षण पूर्ण केलेले. आणि शरीर कामाला योग्य.

केंद्राने २००६ साली जे आदर्श नियम काढले, त्यांत या गोष्टींची मापे दिली. राज्यांचे नियम साधारण त्याच धर्तीचे. प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानात, किमान वीस कामाच्या दिवसांत पसरलेले. उंची पुरुषांसाठी १६० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी १५०. पुरुषांची छाती ८० सेंटिमीटर आणि फुगवून चार जास्त. एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता यावे. रंगांधळेपणा नसावा. चष्मा लावून नजर ठीक असेल तर चालते, म्हणून चष्म्यापायी कोणी घरी बसू नये.

प्रशिक्षणात शिकवायचे काय, याचीही यादी आहे. आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, ओळखपत्रे आणि कागद तपासणे, संशयास्पद स्फोटक वस्तू ओळखणे, पोलीस ठाण्यात फिर्याद कशी द्यावी, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर चालतो, पोलीस आणि लष्करातल्या हुद्द्यांच्या खुणा. वाचताना लक्षात येते, की ज्याला आपण ‘नुसता वॉचमन’ म्हणतो त्याच्याकडून कायदा किती अपेक्षा करतो! फौजेतून किंवा पोलिसातून निवृत्त झालेल्यांसाठी हेच प्रशिक्षण थोडक्यात ठेवले : ४० तास वर्गात, १६ तास मैदानात, किमान सात दिवस. नेमणुकीतही त्यांना आणि होमगार्डना प्राधान्य आहे.

चारित्र्य पडताळणीला काही मुले घाबरतात. कधी मोर्चात, कधी वस्तीतल्या भांडणात नाव आलेले असते. कायद्यात शब्द ‘न्यायालयाने दोषी ठरवलेला’ असा आहे. गुन्हा दाखल असणे वेगळे आणि दोषी ठरणे वेगळे. पण विचारलेली माहिती लपवू नये. लपवलेले पुढे उघडे पडते आणि मग खरोखरच नोकरी जाते.

काम वेगळे, कागद वेगळा

‘सिक्युरिटी’ म्हटले की सगळे एकच वाटते. तसे नाही. कामागणिक अटी बदलतात.

साधा गार्ड. कंपनी, दवाखाना, दुकान, सोसायटी, बँक. वरच्या अटी आणि एजन्सीने दिलेले फोटोचे ओळखपत्र, बस्स. आपल्या भगिनींनाही मॉलमध्ये, इस्पितळात, मुलींच्या वसतिगृहात हे काम मिळते. त्यांनाही हेच प्रशिक्षण आणि हेच ओळखपत्र.

सुपरवायझर. २००६ च्या नियमांत पंधरा गार्डांमागे एक सुपरवायझर सांगितला आहे. गार्ड वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतील तर सहांमागे एक. या जागेसाठी लष्करात वा पोलिसात तीन वर्षे काढलेल्यांना प्राधान्य. आपल्या समाजात फौजेतून आलेले कितीतरी आहेत. त्यांनी गेटवरच समाधान का मानावे?

बंदूकधारी गार्ड. इथे मात्र सावध राहा. एजन्सीचे लायसन्स म्हणजे बंदुकीचे लायसन्स नव्हे. बंदुकीला १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागतात. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तो परवाना मिळत नाही. परवान्यात ज्याचे नाव नाही त्याच्या खांद्यावर बंदूक देणे हा गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो बंदूक धरणारा. "आज रात्रीपुरती धर" असे कोणी म्हणाले तर हात मागे घ्या. नोकरी दुसरी मिळेल.

रोकड नेणारी गाडी. एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या गाड्यांसाठी केंद्राने २०१८ साली वेगळे नियम केले. गाडीत चालक, दोन बंदूकधारी गार्ड आणि रोकड सांभाळणारे दोघे हवेत. एका खेपेत पाच कोटींहून जास्त रोकड नेता येत नाही. शहरात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर एटीएम भरायचे नाही. हे नियम पैसा वाचावा म्हणून आहेत तसे माणूस वाचावा म्हणूनही आहेत. एकट्या गार्डला रात्री अकरा वाजता पेटी घेऊन पाठवत असतील, तर नियम कोण मोडतोय हे त्याला ठाऊक असायला हवे.

अंगरक्षक आणि ‘बाउन्सर’. व्यक्तीचे रक्षण हेही याच कायद्यात येते. एजन्सीमार्फत गेलात तर एजन्सीला लायसन्स हवे. दंड कमावलेले आहेत म्हणून कोणाला मारण्याचा अधिकार मिळत नाही.

खाजगी गुप्तहेर. लग्नाआधी चौकशी करून देणाऱ्या संस्थांच्या जाहिराती आपण पाहतो. त्यांच्यासाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक आले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह कोर्स, लायसन्ससह’ असे कोणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवा.

सोसायटीने किंवा दुकानदाराने स्वतः थेट ठेवलेला वॉचमन. इथे मध्ये एजन्सी नाही, त्यामुळे ‘पसारा’चे लायसन्सही नाही. पण पगार, सुट्टी, कामाचे तास यांतून मालकाची सुटका होत नाही.

वर्दीबद्दलही दोन शब्द. पोलीस, लष्कर यांच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख गार्डने घालायचा नाही. घातला तर गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मावशींच्या भाच्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या पाहून मला तेच आठवले. वर्दी पोलिसासारखी नको आणि वागणूकही नको. गार्डला पोलिसाचे अधिकार नाहीत. डोळ्यांसमोर गंभीर, दखलपात्र आणि बिनजामिनाचा गुन्हा घडला तर कोणताही नागरिक गुन्हेगाराला धरू शकतो, तेवढाच अधिकार गार्डला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा माणसाला विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. खोलीत कोंडणे, चोप देणे, मोलकरणीची झडती घेणे हे मॅनेजरने सांगितले तरी करू नये. केस होते ती गार्डवर.

महाराष्ट्राचा आपला कायदा

‘पसारा’च्या चोवीस वर्षे आधी, १९८१ साली, महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राचा कायदा धंद्यावर नजर ठेवतो. महाराष्ट्राचा कायदा माणसाच्या पोटाकडे बघतो. त्यातून सुरक्षा रक्षक मंडळे निघाली, आधी बृहन्मुंबई आणि ठाण्यासाठी, पुढे इतर जिल्ह्यांसाठी. मंडळावर सरकार, मालक आणि रक्षक अशा तिघांचे प्रतिनिधी असतात. गार्डची नोंदणी मंडळात होते. ज्या कारखान्याला किंवा कार्यालयाला गार्ड हवा, तोही मंडळात नोंद करतो. पगार आणि त्यावरची लेव्ही तो मंडळात भरतो. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, गणवेश हे सारे भागते. मध्ये ठेकेदार नाही.

खाजगी एजन्सीचे गार्ड या कायद्यातून सूट घेऊन काम करू शकतात, पण अट अशी की त्यांना मिळणारे लाभ एकूणात मंडळाच्या गार्डपेक्षा कमी नसावेत. म्हणून आपल्या मुलाने एजन्सीला आणखी एक प्रश्न विचारावा : "तुम्हाला मंडळाची सूट आहे का?" हा प्रश्न विचारणारा गार्ड एजन्सीवाल्याला आवडणार नाही. पण त्याला फसवताना तो दोनदा विचार करील.

केंद्राच्या कायद्यातही एक गोष्ट फार मोलाची आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत आहे. कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. त्यात कामगार कायद्यांची यादी आहे : पगार देण्याचा, किमान वेतनाचा, प्रॉव्हिडंट फंडाचा, बोनसचा, ग्रॅच्युइटीचा, स्त्री-पुरुषांना समान वेतनाचा. हे कायदे मोडले तर एजन्सीचे लायसन्स रद्द होऊ शकते! यांपैकी बहुतेक कायद्यांची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनी घेतली आहे, आणि त्या संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. गार्डला स्वतःचे लायसन्स नाही हे खरे; पण एजन्सीच्या लायसन्सची दोरी थोडीशी त्याच्याही हातात आहे.

वेशीवरचा आणि गेटवरचा

मावशी हे सगळे ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "माह्या सासऱ्याचा आजा वेसकर होता. रातभर वेशीत बसायचा. सकाळी घोंगडी झटकून भाकरी मागत फिरायचा."

नव्या पिढीला वेसकर म्हणजे काय ते सांगावे लागते. गावाची वेस राखणे, रात्रीचा पहारा, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर, सरकारी कामगारांची सरबराई, गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोचवणे ही कामे आपल्या पूर्वजांवर होती. म्हणजे रखवाली आणि रोकड पोचवणे, दोन्ही! कामाला वेळ नाही, सुट्टी नाही, ठरलेला पगार नाही. मोबदला म्हणून वतनाचा तुकडा, बलुते आणि दारोदारची भाकरी. आजोबा आजारी पडला तर बापाने जायचे, बाप नसेल तर पोराने. गावाने विश्वास पुरा टाकला, पण हक्क एकही लिहून दिला नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते हेच ओळखून. जमिनीचा तुकडा दाखवून पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेणारी ही बेडी आहे, हे त्यांनी आपल्या माणसांना पटवले. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली.

मग मला सांगा, बारा तास उभा राहणारा, सुट्टी मागितली की घरी बसवला जाणारा, पहिला पगार डिपॉझिटमध्ये गेलेला, हातात एक कागद नसलेला गार्ड आणि तो वेसकर यांच्यात फरक काय? एकाच्या खांद्यावर घोंगडी, दुसऱ्याच्या खांद्यावर पट्टी. फरक पडतो तो कागदाने. कामाचे तास लिहिलेले असले, पगार लिहिलेला असला, सोडून जाण्याचा हक्क असला, की ती नोकरी. हे काही नसले तर ते वतनच, नाव नवे!

खिशातले कागद

ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्याने वेगळी पद्धत आणली. तिथे ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या माणसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. साधी रखवाली, हॉटेल-क्लबच्या दारावरचे काम, अंगरक्षक, सार्वजनिक जागेतल्या कॅमेऱ्यांवर नजर, रोकड वाहतूक, प्रत्येकाचा परवाना निराळा. परवाना तीन वर्षांचा असतो आणि माणसाबरोबर फिरतो. मालक बदलला तरी परवाना खिशात राहतो.

आपल्याकडे तसे नाही. इथे ओळखपत्र एजन्सी देते आणि नोकरी सोडली की ते परत करावे लागते. म्हणजे दहा वर्षे इमानाने राखण केलेला माणूस एजन्सी सोडून बाहेर पडला की पुन्हा कोरा! म्हणूनच आपले कागद आपणच जपले पाहिजेत.

काय काय जपावे? प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. ते तुमचे आहे, एजन्सीचे नाही. नेमणूकपत्र. पोलीस पडताळणीची प्रत. दर महिन्याची पगारचिठ्ठी. प्रॉव्हिडंट फंडाचा आणि ई.एस.आय.चा नंबर. ओळखपत्र आहे तोवर त्याची झेरॉक्स. हरवले किंवा चोरीला गेले तर एजन्सीला लगेच कळवायचे. आणि एक साधी वही. रोजची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, जागा. मस्टर मालकाच्या ताब्यात असते, वही आपल्या. पगाराचा वाद उठला की ही वही फार कामाला येते. आयांनो, ही वही घरी कोणी लिहायची ते ठरवा. मुलगा थकून येतो, त्याला सुचत नाही. धाकट्या बहिणीने विचारून लिहिली तरी चालते.

आखातात गार्ड म्हणून जाणाऱ्यांसाठीही एक सूचना. इथला अनुभव म्हणजे तिथला परवाना नव्हे. दुबईत तर खाजगी सुरक्षेवर देखरेख करणारी सरकारी संस्थाच वेगळी आहे आणि तिच्या अटी पुऱ्या केल्याशिवाय गार्डला कामावर उभे राहता येत नाही. पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे पाहिल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नका.

पुढे काय झाले?

मावशी, भाचा आणि मी त्या एजन्सीच्या कचेरीत गेलो. भिंतीवर कॅलेंडर होते, घड्याळ होते, लायसन्स नव्हते. विचारले तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "रिन्यूला दिले आहे." मी म्हटले, "मग नूतनीकरणाच्या अर्जाची प्रत दाखवा." तो म्हणाला, "साहेब नाहीत." आम्ही बाकावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या खेपेला पगार मिळाला आणि ४,५०० पैकी ३,००० परत मिळाले; बाकीचे वर्दीचे म्हणून त्यांनी ठेवले. शेळी काही परत आली नाही. नियंत्रक अधिकाऱ्याकडे तक्रारीचा अर्ज आम्ही केला आहे. मुलगा दुसऱ्या एका एजन्सीच्या वीस दिवसांच्या प्रशिक्षणाला जातो आहे. तिथे भिंतीवर लायसन्स आहे, तो आधी बघून आला.

आता शेवटची गोष्ट, आणि ती थोडी बोचेल. आपल्यातले कितीतरी जण शिकून, नोकरीला लागून आज फ्लॅटमध्ये राहतात. सोसायटीच्या कमिटीवर आहेत, सेक्रेटरी आहेत. सिक्युरिटीची तीन कोटेशने येतात आणि आपण सगळ्यात स्वस्त असेल ते पास करतो. ते स्वस्त का आहे, हे विचारत नाही. किमान वेतन आणि फंड धरून हिशेब मांडला तर त्या पैशात गार्ड मिळणारच नाही, हे सरळ गणित आहे. मग ती तूट कोण भरतो? गेटवर बारा तास उभा असलेला कोणाचा तरी मुलगा. तेव्हा पुढच्या मिटिंगला जाताना एवढेच करा. एजन्सीच्या लायसन्सची प्रत मागा, फंड भरल्याच्या पावत्या मागा. आणि संध्याकाळी घरी येताना गेटवरच्या पोराला विचारा, "बाळा, तुझं नेमणूकपत्र मिळालं का रे?"

तो चपापेल. आजवर त्याला कोणी हे विचारलेले नसते.